हार घालून फोटो काढायच्या आधी तिला विचारलं होतं का?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता. घरगुती वाद मिटून संसार पुन्हा जुळलेल्या जोडप्यांचा सत्कार. नवराबायकोच्या गळ्यात हार, बाईच्या हातात साडीचं पाकीट, मागं बॅनर, बाजूला साहेब लोक आणि खाली ओळीनं सगळ्यांची नावं, गावासकट. त्यातली एक बाई मला माहीत आहे, कोणती ते सांगत नाही. आमच्या गावात हा पेपर हॉटेलात एकच येतो आणि दुपारपर्यंत पन्नास हातातून जातो, दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन गेले तर तिथं बाया तेच बोलून राहिल्या होत्या, का हिच्या नवऱ्यानं हिला मारलं होतं म्हणे, ऑफिसात गेली होती म्हणे, आता साडी देऊन पाठवली. तिच्या पोराला शाळेत पोरं काय म्हणाली ते मी इथं लिहू शकत नाही.

मला एवढंच विचारायचं आहे की हार घालायच्या आधी त्या बाईला कोणी बाजूला घेऊन विचारलं होतं का, की बाई तुझा फोटो पेपरात देऊ का, नाव देऊ का, गाव देऊ का. नवरा आणि सासरा शेजारी उभे असताना विचारलं असेल तर ते विचारणं धरू नका. तिथं बाई मान हलवणार नाही तर काय करणार.

हे मी तावातावानं लिहून राहिली आहे कारण माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे सगळं मी जवळून पाहिलं. हे पत्र तिला विचारून लिहिते आहे, फोनवर पूर्ण वाचून दाखवलं, तिनं दोन गोष्टी काढायला लावल्या त्या काढल्या, आणि वय, लेकरं, महिना, असं काही काही मी मुद्दाम इकडचं तिकडं केलं आहे.

सोयाबीनच्या सवंगणीचे दिवस होते. ती माझ्याकडे आली ती नेसत्या लुगड्यावर, लहान लेकरू कडेवर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी, बायांना मदत मिळते त्या ठिकाणी गेलो, कुठल्या ते लिहीत नाही कारण तिथल्या बायांशी माझं भांडण नाही, पण जे झालं ते सांगते. आत जायच्या आधी टेबलावर एक रजिस्टर होतं, येणाऱ्यानं त्यात नाव, गाव, मोबाइल नंबर लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात कामाचं कारण. आमच्या वर पाच सहा बायांची नावं होती, गावासकट. कारणाच्या रकान्यात एकीनं लिहिलं होतं नवरा दारू पिऊन मारतो, एकीनं सासऱ्याचा त्रास. मी वाचायचं म्हणून वाचलं नाही, पण डोळ्यासमोरच होतं ते, आणि त्यातलं एक नाव मला ओळखीचं निघालं. माझ्या बहिणीनं पेन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. आपल्यानंतर जी येईल ती आपलं वाचणार हे तिला कळलं होतं. तिनं कारण लिहिलं, चौकशी.

आत एक हॉल, दोन टेबलं, मधात पडदा नाही. एका टेबलावर आमची पोरगी बोलून राहिली आणि दुसऱ्यावर कोण्या गावचे लोक निराधारच्या कागदाची चौकशी करून राहिले. मॅडम मोठ्यानं विचारत होत्या, मारलं तर कशानं मारलं, कुठं लागलं, दाखवा. प्रश्न बरोबर होते, फॉर्ममध्ये ते लिहावंच लागतं, पण ते निराधारवाले सगळे गप्प होऊन ऐकायला लागले होते. ती मग हळूच बोलली आणि निम्मं बोललीच नाही.

खरी चूक त्याच्यापुढं झाली. फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला, तिनं दिला. तो नंबर तिचाच, पण सिम नवऱ्याच्या नावावर आणि फोन घरात एकच, दिवसा हिच्याजवळ नि संध्याकाळी नवऱ्याजवळ. हे कोणी विचारलं नाही आणि तिलाही सांगायचं सुचलं नाही. ती चार दिवसांनी लोकांच्या समजावण्यावरून सासरी परत गेली, लेकराची शाळा होती, कापूस फुटला होता, बाई किती दिवस बाहेर राहणार. आणि एका सकाळी फोन आला तो सासूनं उचलला. तिकडून सरळ सांगितलं, तुमच्या सुनेनं इथं तक्रार दिली आहे, तिला सोमवारी अकरा वाजता पाठवा.

त्या रात्री काय झालं ते तिनं लिहू नको म्हटलं म्हणून लिहीत नाही.

फोन करणाऱ्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तिला वाटलं आपण तारीख कळवली, काम केलं. तिच्याजवळच्या कागदावर मोबाइल नंबर लिहायला जागा होती, पण हा फोन कोण उचलतं ते लिहायला जागाच नव्हती. एवढ्या एका ओळीसाठी एका बाईची तक्रार बुडाली. कारण नंतर ती मला म्हणाली, ताई, मले आता कुठंच जायाचं नाही, जिथं जाईन तिथून घरी फोन येईल.

दीड वर्षानं ती पुन्हा निघाली तेव्हा दुसऱ्या ठिकाणी नेलं, आणि तिथं काय फरक होता ते मुद्दाम सविस्तर सांगते, कारण हे होऊ शकते, पैसा न लावता होऊ शकते. त्या ताईंनी पहिल्यांदा मला म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. मला राग आला, खरं सांगते. मी तिला घेऊन आले, मी तिची बहीण, मलाच बाहेर काढता. पाऊण तास बाहेर बाकावर बसून होते. नंतर बहिणीनंच सांगितलं का तिनं आत अशा गोष्टी सांगितल्या ज्या तिनं मलाही कधी सांगितल्या नव्हत्या, आणि मी बसली असती तर सांगितल्याही नसत्या. सोबत आलेलं माणूस चांगलं असलं तरी त्याच्यासमोर बाईचं तोंड उघडत नाही, आणि कधीकधी तर सोबत आलेलं माणूसच त्रास देणाऱ्याचं असते. दार लावून घेतलं म्हणून ती बोलली.

दुसरं, त्यांनी लिहायच्या आधी सांगितलं. म्हणाल्या, हे मी लिहून ठेवीन, कपाटात राहील, चावी माझ्याजवळ आणि माझ्या मॅडमजवळ, तू म्हणशील तेव्हाच पुढं पोलिसाकडे नाहीतर वकिलाकडे देईन. आणि लगेच हेही सांगितलं का सगळंच मी पोटात ठेवू शकत नाही बाई, लेकरावर कोणी वाईट हात टाकला असं कळलं तर ते मला कायद्यानं कळवावंच लागेल, पोक्सोत, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, तसं बंधन आहे, आणि तुझ्या जिवावर बेतलं आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला हे फार पटलं. कोणाला काहीच सांगणार नाही असं गोड बोलून नंतर सांगितलं असतं तर विश्वास गेला असता. इथं बाईला आधी माहीत होतं की कोणती गोष्ट कुठपर्यंत जाईल, मग तिनं ठरवलं काय बोलायचं.

आणि फोनचं. त्यांनी विचारलं, हा फोन कोणाकोणाच्या हातात जाते, कोणत्या वेळी तुझ्या एकटीजवळ राहते, आणि मी फोन केला नि दुसऱ्यानं उचलला तर मी कोण म्हणून सांगू. दोघींनी मिळून ठरवलं का शिलाई क्लासवाली बाई म्हणून सांगायचं. व्हॉट्सॲपवर काही पाठवायचं नाही, मेसेज टाकायचा नाही. घरी गेल्यावर केलेला कॉल यादीतून काढून टाकायचा हेही दाखवलं. शेवटी जे लिहिलं ते वाचून दाखवलं, एक वाक्य तिनं बदलायला लावलं, बदललं, मग सही घेतली. काय लागलं त्याला? एक दार, एक कुलूप आणि दहा मिनिटं जास्त.

कायदा काय म्हणते ते मी नंतर वकील बाईंकडून समजून घेतलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ मध्ये सोय आहे का मॅजिस्ट्रेटला गरज वाटली आणि दोघांपैकी एकानंही मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड घेता येते. त्याच्या नियमात असंही आहे का बाईची इच्छा असेल तर निवारागृहानं ती तिथं आहे हे कोणाला सांगायचं नाही आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तर कळवायचंच नाही. कलम ४ प्रमाणे शेजारपाजारच्या कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली बायांच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, चांगल्या हेतूनं माहिती दिली तर त्याच्यावर दिवाणी फौजदारी काही बालंट येत नाही. संरक्षण अधिकाऱ्यासाठी सुरक्षा आराखड्याचा वेगळा नमुना सुद्धा आहे, म्हणजे या बाईला पुढं कशाकशाचा धोका आहे, त्यावर काय करायचं, हे तिच्याशी बोलून लिहायचं. हे सगळं छापलेलं आहे. माझ्या बहिणीला पहिल्या ठिकाणी यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या पेपरासाठी एक खास सांगते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याच्या कलम २२ मध्ये लिहिलं आहे का या कायद्याखालच्या केसेस बंद दाराआड चालवायच्या आणि त्यातलं काही छापायचं नाही, हायकोर्ट सुप्रीम कोर्टाचा निकाल परवानगीनं छापला तर गोष्ट वेगळी, आणि मोडलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. सत्तर वर्षं झाली या कलमाला. बलात्काराच्या बातमीत तुम्ही नाव देत नाही, चांगलं करता, तिथं कायदा कडक आहे, आधी भारतीय दंड विधानाचं कलम २२८ अ होतं आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण नवऱ्यानं मारलेल्या बाईची बातमी असली का मग वय, गाव, माहेर, नवऱ्याचा धंदा, किती लेकरं, सगळं येते. आणि जिथं नाव गाळता तिथंही अमुक तालुक्यातल्या अमुक गावची २८ वर्षांची विवाहिता, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, असं लिहिता. साहेब, आमच्या गावात दोनशे घरं आहेत. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असलेले तीन, त्यातल्या दोघांचं लग्न झालेलं. नाव छापलं नाही म्हणून काय लपलं? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये बलात्काराच्या बाबतीत हेच सांगितलं का दुरूनही ओळख पटेल अशी माहिती छापू नका. मारहाणीच्या बाबतीत कोर्टानं सांगायची वाट कशाला पाहायची.

शहरात राहणाऱ्याला हे कळणार नाही कदाचित. गावखेड्यात बाई घरातून निघाली का पहिलीच हाक, काऊन वं, कुठं चालली? ऑटोवाला ओळखीचा, कंडक्टर ओळखीचा, तालुक्याच्या ऑफिसातला शिपाई कोणाचा तरी साडू निघते. म्हणून मला दवाखान्याच्या आवारातली केंद्रं बरी वाटतात, सखी सेंटर म्हणजे वन स्टॉप सेंटर बरेच ठिकाणी तसं असते, बाई दवाखान्यात चालली म्हणून सांगू शकते. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येते, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन एका छताखाली, २०१५ पासून ही योजना आहे, आणि १८१ हा नंबर चोवीस तास. चांगली सोय आहे. पण १८१ वर केलेला कॉल फोनच्या यादीत राहते हे बाईला कोण सांगणार? त्या पोस्टरवरच एक ओळ छापली तर किती बरं होईल.

तंटामुक्तीचं पण बोलायला पाहिजे. २००७ पासून आपल्याकडे ती समिती आहे, बांधाचे वाद, पाण्याचे वाद तिनं मिटवले, मी नाही म्हणत नाही. पण नवराबायकोचं भांडण समितीसमोर नेलं का ते ग्रामपंचायतीच्या ओसरीवर होते, खिडकीत पोरं लटकलेली असतात, आणि बाईला वीस पुरुषांसमोर सांगावं लागते का त्यानं कुठं लाथ मारली. मग ती म्हणते काही नाही झालं, मिटलं. समितीच्या वहीत लिहिलं जाते, आपसात मिटले.

दुसरी एक गोष्ट मधातच आठवली म्हणून सांगते. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या केवायसीत नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला, तेव्हा आमच्या बचत गटातली एक बाई, दोन वर्षांपासून माहेरी, वडील वारलेले, ती रडायला आली का आता मी त्याला फोन करून ओटीपी मागू का, त्याला माझा नवा नंबर कळेल. पंधराशे रुपयांसाठी ती घाबरली नव्हती, नंबरासाठी घाबरली होती. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात अशी बाई आलीच नसेल.

पत्त्याचंही तसंच. कोर्टात अर्ज केला का सामनेवाल्याला नोटीस जाते, जायलाच पाहिजे, त्याच्यावर काय आरोप आहे हे कळायचा त्याचा हक्क आहे. पण आमच्या अर्जात बहीण ज्या घरी लपून राहिली होती त्या आत्याचं नाव, गाव, घर नंबर सगळं लिहिलं गेलं, आणि कागद हातात पडल्याच्या चौथ्या दिवशी दोन मोटारसायकली त्या दारात. आत्या सत्तरीची. सुदैवानं पोळ्याचा दिवस होता, गल्लीत माणसं होती. पत्रव्यवहारासाठी दुसरा पत्ता चालेल का, हा प्रश्न अर्ज लिहिताना कोणीतरी विचारायला पाहिजे होता. तिनं काय सोसलं ते कोर्टाला सांगायचं आहे. ती आज रात्री कुठं झोपणार हे त्याला कळायची काय गरज?

आकडे मी एकाच ठिकाणचे वाचले ते डोक्यातून जात नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे का मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी १४ टक्के बायांनी मदत मागितली, आणि ७७ टक्के बायांनी मदत तर मागितली नाहीच, कोणाजवळ बोलल्यासुद्धा नाहीत. आणि त्याच सर्वेक्षणात हे प्रश्न विचारायची पद्धत काय होती पहा, एका घरात एकाच बाईला विचारायचं, तिच्या एकटीजवळ, आणि एकांत मिळत नसेल तर ते प्रश्न विचारायचेच नाहीत, सोडून द्यायचे. नुसते आकडे गोळा करणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली कारण त्यांना माहीत होतं का कानावर गेलं तर बाईला मार पडतो. मग जे मदत करायला बसले आहेत त्यांच्या ऑफिसात दार उघडं कसं?

मी त्या ऑफिसातल्या बायांवर सगळं ढकलत नाही. एक हॉल, एक कपाट ज्याचं कुलूप मोडलेलं, वरून महिन्याला फोटोसहित अहवाल पाठवा म्हणून ताकीद, आणि तो अहवाल व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपमध्ये साठ माणसं. समुपदेशन सुरू असतानाचा फोटो त्यात पडतो, बाई पाठमोरी असली तरी लुगडं कोणाचं ते गावातला माणूस ओळखतो. वरच्या साहेबांना काम झाल्याचा पुरावा पाहिजे तर आकडा घ्या, किती बाया आल्या, कितींना वकील मिळाला. चेहरा कशाला?

मी स्वतःही चुकले आहे, तेही सांगते. बचत गटाचं रजिस्टर मी अकरा वर्षांपासून लिहिते. एकदा मीटिंगमध्ये कर्जाची कारणं मोठ्यानं वाचून राहिली होती आणि एका बाईचं कारण वाचलं, मुलीला माहेरी आणण्यासाठी. सगळ्या बाया तिच्याकडे पाहायला लागल्या. ती पुढच्या तीन मीटिंगला आली नाही. तेव्हापासून कारणाचा रकाना मी वेगळ्या वहीत ठेवला आहे आणि ती वही माझ्या पेटीत असते. मीटिंगमध्ये फक्त रक्कम वाचते. कोणत्याही ऑफिसाला हे उद्यापासून करता येईल, येणाऱ्यांच्या रजिस्टरमधून कारणाचा रकाना पेनानं खोडून टाका, एवढंच.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं का खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. हे सगळं दिल्लीत झालं. आमच्या तालुक्यात ते त्या टेबलापर्यंत कधी येईल हे मला जिल्ह्याच्या महिला व बालविकासच्या साहेबांना विचारायचं आहे, तुमच्या पेपरातूनच विचारते म्हणजे उत्तर द्यावं लागेल. बायांच्या फाइली कुठं ठेवता, चावी कोणाजवळ, किती वर्षांनी त्या नष्ट करता, बदली होऊन गेलेल्या माणसाच्या फोनमधले नंबर आणि फोटो कोण पुसून घेते, आणि एखाद्या बाईची माहिती फुटली तर तिनं कोणाकडे जायचं. भिंतीवर मराठीत लावा, मोठ्या अक्षरात, वाचता न येणारीला वाचून दाखवा.

आणि तुम्हाला विनंती अशी की सत्काराचे असे फोटो आले तर एकदा परत फोन करून विचारा, बाईला एकटीला विचारलं होतं का. उत्तर नीट मिळालं नाही तर साहेबांचा फोटो छापा, जोडप्यांचा नको.

माझी बहीण आता शिलाई शिकून राहिली आहे, खरीच. कुठं ते नाही सांगत.

माझं नाव, पत्ता, फोन वेगळ्या कागदावर दिला आहे, तो फक्त तुमच्यासाठी, छापू नका. फोन करायचा असेल तर दुपारी एक ते तीन. मी सोडून दुसऱ्या कोणी उचलला तर बचत गटाच्या हिशोबाचं काम होतं म्हणून सांगा. पत्र लांबलं आहे, काटछाट केली तरी चालेल, पण कुठंही तालुक्याचं नाव घालू नका.

आपली,
एक वाचक, यवतमाळ जिल्हा